चौथ्या मजल्यावरची गोल कळ

२ मार्च. सकाळ.
आजपासून ही इमारत माझी. म्हणजे मालकीची नाही, पण मॅनेजर मी. सात मजले, चहूबाजूंनी काच, वरची एकही खिडकी उघडत नाही. साहेबांनी सांगितलं, वीजबिल खाली आणा आणि वीजबचतीचं पारितोषिक घरी आणा. संकल्प : कोणावरही आवाज चढवायचा नाही.
बायको याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर, हिशेब विभागात. म्हणाली, आता तरी आमच्या मजल्याकडे बघ. म्हटलं, आता घरचाच माणूस आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अभिमान असावा.

५ मार्च.
गच्चीवर ताज्या हवेची झडप आहे. ती बाहेरची गरम हवा आत घेते आणि मग आपण वीज जाळून ती गार करतो. असला वेडेपणा आजवर कोणाच्या लक्षातच आला नव्हता! झडप बंद केली. एकदा गार केलेली हवा परत परत फिरवायची. आतली माणसं चांगल्या घरची आहेत, त्यांची हवा खराब कशी असेल?

९ मार्च.
चौथ्या मजल्याने डोकं खाल्लं. सेल्सचा प्रमुख पश्चिमेच्या काचेला चिकटून बसतो आणि दुपारपासून भाजून निघतो. मी त्याचं नाव भट्टी ठेवलं आहे. बायकोची खुर्ची बरोबर एसीच्या तोंडाखाली. ती स्वेटर घालून, मफलर गुंडाळून हिशेब करते. तो म्हणतो वाढवा, ती म्हणते बंद करा. दोघांनाही म्हटलं, खुर्च्या हलवायला सांगतो.
मग एकदम कल्पना सुचली. भिंतीवर तापमानाची गोल कळ बसवायची. मागे वायर काही नाही. माणूस कळ फिरवतो आणि त्याला बरं वाटतं. मानसशास्त्र!

१० मार्च.
जबरदस्त यश. भट्टीने कळ डावीकडे फिरवली आणि शर्टाचं बटण लावलं. बायकोने उजवीकडे फिरवली आणि मफलर काढला. तळमजल्यावरच्या माझ्या केबिनमध्ये येऊन पोट धरून हसलो. घरी तिने माझं कौतुक केलं, लग्नानंतर प्रथमच. जेवताना न मागता दुसऱ्यांदा वाढलं. कळीचं खरं सांगितलं नाही. लपवलं असं नाही. टेक्निकल बाब आहे.

१७ मार्च.
किरकोळ अडचण. कळ कोणी फिरवायची यावरून वाद. भट्टीने स्टेपलर भिरकावला. तो बायकोच्या शेजारणीच्या भुवईवर बसला. बायकोने लोखंडी पट्टी घेऊन भट्टीची बोटं फोडली. प्रथमोपचाराच्या पेटीत डोळ्यांचे थेंब होते, तेही मुदत संपलेले. तेच बोटांवर घातले. लोक इमारतीत इतका रस घेतात हे पाहून मात्र बरं वाटलं.

२३ मार्च.
सगळ्यांची डोकी दुखतात. दुपारी माणसं टेबलावर पेंगतात आणि उठली की एकमेकांच्या अंगावर जातात. आज लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे दोघे, कोण कोणाच्या तोंडावर खोकला यावरून, तळमजल्यापर्यंत मारामारी करत आले. एकाचा दात पडला. मी तो पाकिटात घालून हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवला. व्यवस्था म्हणजे व्यवस्था.
वर गेलो की माझंही डोकं ठणकतं. केबिनमध्ये येऊन खिडकी उघडली (माझी उघडते, देखरेखीसाठी) की थांबतं. दोष लिफ्टचा आहे हे उघड आहे. यापुढे वर जायचं टाळीन.

२६ मार्च.
बायको खोकते. तिच्या छातीतून शिट्टी येते, बोलता बोलता थांबून श्वास शोधावा लागतो. म्हटलं, मनावर घेऊ नकोस. तिने उशी फेकली, मग गजराचं घड्याळ. घड्याळ लागलं. डॉक्टरांनी तिला विचारलं म्हणे, कामाच्या जागी हवा कशी आहे. ती म्हणाली, ते माझे मिस्टरच बघतात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बहुधा प्रभावित.
सगळ्या मजल्यांवर गुलाबाचा स्प्रे मारून घेतला.

१ एप्रिल.
चौथ्या मजल्यावर दोन पक्ष पडले आहेत, गार आणि गरम. कळीपाशी पहारा बसतो. गरमवाल्यांकडे छत्र्या, गारवाल्यांकडे फरशी पुसायचे दांडे. कोणीतरी भट्टीच्या कानाचा चावा घेतला. सभा घेऊन संवादाचं महत्त्व सांगितलं. बोलताना हेल्मेट घातलं होतं.
बायकोने हळूच विचारलं, कळ पूर्ण उजवीकडे असूनही मला हुडहुडी का भरते? म्हटलं, कळीवर विश्वास ठेव. म्हणाली, कळीवर नाही, तुझ्यावर ठेवते. वीजबिल निम्म्यावर आलं आहे.

६ एप्रिल.
डाव्या हाताने लिहितो आहे.
पारितोषिकाचे परीक्षक आले होते. सगळं छान चाललं होतं. चौथ्या मजल्यावर पोचलो तर भट्टी कळीला लटकलेला आणि बायको त्याच्या टायला. ओढाताणीत कळ भिंतीतून उपटून आली. मागे कोरी भिंत. बायको खोकली, श्वास घेतला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, वायर कुठे आहे?
मी म्हणालो, वायरलेस आहे.
मग भट्टीने, महिनाभर तिच्या जिवावर उठलेल्या त्या माणसाने, आग विझवायचं नळकांडं काढून तिच्या हाती दिलं. दोन्ही हातांनी, अदबीने. तिने ते काचेवर घातलं. काच फुटली, वारा आत आला. मग नळकांडं माझ्याकडे वळलं. त्यानंतर खुर्च्या, छत्र्या, दांडे. गार आणि गरम दोन्ही पक्ष खांद्याला खांदा लावून मारत होते. एक परीक्षकही होता. लोकांनी मला ओळखलं नसावं. बायकोने तर नक्कीच नाही, कारण तिने नाव घेऊन मारलं, आणि माझ्या नावाचे लोक पुष्कळ असतात.
पडल्या पडल्या एवढंच दिसलं की मारून दमलेली माणसं फुटक्या काचेपाशी ओळीने उभी राहून तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. त्यांच्यात ती.

७ एप्रिल. हॉस्पिटल.
हात मोडला, बरगडी मोडली, कपाळावर टाके. डोकं मात्र अजिबात दुखत नाही. माराने रक्ताभिसरण सुधारतं असं दिसतं. साहेब आले होते. पारितोषिक गेलं. मीही गेलो.

१२ एप्रिल. घरी.
बायको माहेरी आहे. फोन सासूबाईंनी उचलला. म्हणाल्या, खोकला थांबला, शांत झोपते. मग ती आली. एकच प्रश्न विचारला, घरात मला नुसतं दाखवायला म्हणून अजून काय काय लावून ठेवलं आहेस?
मी सविस्तर समजावलं. बिलाचे आकडे सांगितले, साहेबांचा दबाव सांगितला. ती मध्ये एक शब्दही बोलली नाही, म्हणजे पटत होतं. मग मलाच राहवेना. म्हटलं, तू रात्री खोकत उठून बसायचीस तेव्हा मी जागा असायचो. डोळे मिटून घ्यायचो, कारण उठलो असतो तर मला गच्चीवर जाऊन झडप उघडावी लागली असती. हे बोलताना रडू कोसळलं. इतकं खरं मी कोणाशीच बोललो नव्हतो. तरी ती गप्पच. विचारलं, येतेस ना?
मग फोन कानापासून दूर धरून पाहिला. पडद्यावर कॉल एका मिनिटातच संपलेला. प्रश्न विचारल्या विचारल्याच तिने फोन ठेवला होता.