चष्म्यात गेलेले चार दिवस

ता. ३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी तुझ्याशी खोटं बोलले. बाबांना साधा ताप नाही. लस घेतल्यावर दहाव्या दिवशी त्यांना सुईत दोरा ओवता येईना. बोटांना मुंग्या येतात म्हणाले. चाळीस वर्षं शिवणकाम केल्यावर येणारच, असं म्हणून मी त्यांना चष्मेवाल्याकडे नेलं. नवा नंबर, नवी फ्रेम. त्यात चार दिवस गेले. पाचव्या सकाळी शिलाई मशीनच्या पायडलवरून त्यांचे पाय उचलेनात.

डॉक्टर म्हणतात, लाखांत एखाद्याचं शरीर लसीनंतर आपल्याच नसांवर उलटतं. आता श्वासासाठी यंत्र लावलंय. लस घ्या म्हणून मागे लागले तीही मीच.

मी लस घेऊ का, असं तू फोनवर विचारलंस. मला सांगता येत नाही.

या पत्रानंतरही लोभ उरला तर कळव.

तुझी,
बारकी

ता. ९ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

दादा जन्मभर मशीनवर बसला, आता मशीन त्याच्यावर बसलंय. बोलता आलं असतं तर हे त्यानेच म्हटलं असतं.

लस मी परवाच घेतली. तुझ्या उत्तरासाठी थांबले नाही. मला काही झालं असतं तर त्याचा दोषही तू स्वतःच्या माथी घेतला असतास. शाळेत दुसऱ्याने फोडलेल्या काचेची माफी मागणारी तू. दंड दुखतोय, बाकी ठीक. मुंग्या आल्याच तर चष्मेवाल्याकडे जाणार नाही.

त्या चार दिवसांचं डॉक्टरांना एकदा सरळ विचार. न विचारता कुढत बसू नकोस.

दादाच्या कानात माझं नाव सांग, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या

ता. २ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

यंत्र निघालं. बाबा घरी आले, भिंत धरून चालतात.

मी विचारलं. लवकर आणलं असतं तर कदाचित यंत्र टळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. कदाचित, हे दोनदा म्हणाले. लसीचं तू विचारलं होतंस, तेही विचारलं. त्यांनी स्वतःच्या आईला दिली आहे.

काल बाबा हट्टाने मशीनपाशी बसले. टाचणी बोटात रुतली, त्यांना कळलंच नाही. पांढऱ्या कापडावर लाल ठिपका उमटला तेव्हा थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, की चष्मा मात्र चांगला निघाला, डाग लगेच दिसला.

मी कापड धुवायला घेऊन गेले.

दर पत्रात तुझ्या बोटांचं लिहीत जा. लोभ त्यातच समजेन.

तुझी,
बारकी