मागच्या कमानी

३ नोव्हेंबर १९४४, शुक्रवार. परंडा

पत्र आलं! मिरजेहून. यांच्या हातचं!

आठ महिने सगळी पत्रं दवाखान्यातल्या कुणीतरी लिहून दिलेली. हे पहिलंच यांच्या अक्षरातलं. अक्षर वाकडं झालंय, पण यांचंच. "डॉक्टर म्हणतात, आता घरी न्यायला हरकत नाही. दोन डिसेंबरला छोट्या रेल्वेनं कुर्डुवाडीला पोचेन. पुढं बस नको. छातीला धक्के सोसणार नाहीत. टोळ दुरुस्त करून कुणाला तरी पाठव."

चारदा वाचलं. मग आत्याबाईंना वाचून दाखवलं. (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.) त्या कपाळाला भस्म लावत होत्या. बोटं तिथंच थांबली. म्हणाल्या, "घरी न्यायला हरकत नाही म्हणजे बरा झाला की गं गुरुसिद्ध!"

झालेच म्हणायचे!

टोळ म्हणजे यांची मोटार. हिरवी, बुटकी, लांब तोंडाची, दोनच माणसं बसतील एवढी. वर कापडी छत. नाव पेठेतल्या लोकांनी ठेवलेलं. लग्नाला तीन वर्षं झाली, मी तिच्यात एकदाही बसले नाही. सुनेनं उघड्या गाडीत बसू नये — आत्याबाईंचा नियम.

४ नोव्हेंबर

कोंडीराम मिस्त्रीला बोलावलं. पूर्वी बार्शीच्या बसवर फिटर होता, आता वेशीजवळ भाता घेऊन बसतो. गाडीखाली सरकला तो बराच वेळ नुसते पायच दिसत होते.

बाहेर येऊन म्हणाला, "अक्का, इंजिन बेस हाय. पर मागच्या कमानी मेल्यात."

मला वाकून बघायला लावलं. मागच्या दोन्ही चाकांवर धक्के झेलणारे लोखंडी पाटे एकावर एक रचलेले, सात-सात. सगळ्यात लांब पाटा वर, खाली त्याहून आखूड, आखूड. धनुष्यासारखा बाक हवा त्यांना. इथं फळीसारखे सपाट झालेत. डावीकडचे दोन तर चक्क तडकलेत.

"अशी नेली तर धडधाकट माणसाच्या बी बरगड्या ढिल्या व्हत्याल," म्हणाला.

"नव्या घालू."

"नव्या इलायतेहून येत्यात, अक्का. लढाई चालू हाय. कंच्या जहाजात घालून आणू?"

७ नोव्हेंबर

काही काम सुधरत नाही. आज ताकात मीठ दोनदा घातलं. आत्याबाई ते तसंच प्यायल्या.

९ नोव्हेंबर

कोंडीरामानं वाट काढली! कुर्डुवाडीला भंगारात एका जुन्या लॉरीच्या कमानी मिळाल्या त्याला. पोलाद पक्कं आहे म्हणतो. तापवून, कापून आपल्या मापाच्या करायच्या.

येताना हद्दीवर जकातीच्या करोडगिरी नाक्यावर निजामाच्या शिपायानं बैलगाडी अडवली. "ये क्या है?" कोंडीराम म्हणाला, "कमान है साहेब." शिपाई म्हणाला, "कमान है तो तीर किधर है?" आणि स्वतःच हसत सुटला. सोडून दिलं.

हे असते तर ही गोष्ट तीन दिवस सगळ्यांना सांगत बसले असते. मला नुसतं ऐकत बसायचं आहे. एवढंच तर हवंय. माजघरात मी भाकरी थापते आहे आणि ओसरीवरून यांचं बोलणं ऐकू येतं आहे — बस्स.

१३ नोव्हेंबर, सोमवार

लिहू की नको?

आज कोंडीरामानं गाडी मागून उचलून दगडांवर ठेवली. गंजलेले बोल्ट सुटेनात. रॉकेल ओतून ठेवलं, दुपारी सुटले. दोन्ही कमानी काढून अंगणात शेजारी शेजारी मांडल्या. मी पाणी द्यायला गेले. तो आपल्याच नादात म्हणाला, "मालक कायम जोडीनं फिरत व्हते वाटतं."

"का?"

"एकटा माणूस चालवतो ती गाडी उजवीकडं दबून बसती, अक्का. चालवणारा उजवीकडं असतो. हिची डावी कमान जास्त बसलीया. बाजूला कुणीतरी असायचंच. आन् वजनदार."

त्याच्या मनात काही नव्हतं. चिंधीनं हात पुसत, मोकळ्या तोंडानं बोलला. मी तांब्या घेऊन आत आले. चुलीपुढं बसले. चूल पेटलेली नव्हती.

दर सोमवारी हे बार्शीला जायचे. "आडतीवर काम आहे." सकाळी जायचे, दिवेलागणीला यायचे. मी दारात उभी राहून मोटारीची धूळ खाली बसेपर्यंत बघायची. सव्वादोन वर्षं.

कोण बसायचं डावीकडं?

१४ नोव्हेंबर

कोण?

१६ नोव्हेंबर

कोंडीराम पोलाद तापवतो आहे. लालभडक पाटा घणाखाली वाकवतो, मग तेलात बुडवून कडक करतो; याला म्हणे पाणी देणं म्हणतात. धूर घरभर. मी बघायला गेले नाही.

आठ महिने मी या माणसाची वाट बघितली. यांच्या उशीचा अभ्रा धुतला नाही! आता वाटतं, वाट बघणारी आणखी कुणी असेल. बार्शीला. तिलाही पत्र गेलं असेल — दोन डिसेंबरला येतो म्हणून.

लाज वाटते असं लिहायची. माणूस दुखण्यातून उठतोय, आणि मी काय मोजतेय? पण इथं नाही लिहायचं तर कुठं.

आणि सगळ्यात वाईट हे की ओढ कमी होत नाही. रागानं तरी व्हायला हवी होती.

१८ नोव्हेंबर

नव्या कमानी बसल्या. गाडीचं बूड चांगलं वीतभर उचललं गेलं. कोंडीराम फुशारला. पण वेशीपर्यंत एक फेरी मारून आला तो कंबर धरूनच उतरला. लॉरीचं पोलाद! लॉरीवर पोती लादलेली असतात, तेव्हा ते दबतं. या चिमुकल्या गाडीनं ते हलतसुद्धा नाही. प्रत्येक दगड थेट हाडात जातो.

"आधीच्या बऱ्या व्हत्या म्हणायची पाळी आली," तो म्हणाला. चौदा दिवस राहिले.

मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या मिस्त्री. येतील कसेही. बसनं येतील."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. ओसरीवर आत्याबाई जोंधळे पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलेलं मला ऐकू आलं.

२० नोव्हेंबर, सोमवार

सगळं लिहून काढते.

सकाळी आत्याबाई मठात जायला निघाल्या नाहीत. पूर्वी दर सोमवारी दिवसभर मठात असायच्या. हे आजारी पडल्यापासून नुसतं दर्शन घेऊन परततात. आज तेही नाही. मला म्हणाल्या, "बस." स्वतः उंबऱ्याशी बसल्या.

"बसनं येऊ दे म्हणालीस. का?"

मी पदराच्या टोकाला गाठ मारत बसले.

"त्या कोंडीरामाचं बोलणं मी ऐकलंय. डावीकडं मी बसायचे."

मला कळेचना. म्हटलं, "तुम्ही?"

"मी. नागम्मा. वजनदार म्हणाला ना तो? खरंय. आणि पायाशी पिठाचं गाठोडं, गूळ, तुरीची डाळ. मठाच्या मागच्या दारानं निघायचे, नदीच्या उताराला गुरुसिद्ध गाडी घेऊन थांबलेला असायचा. बार्शीला जायचो. उमाकडं."

"कोण उमा?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "माझी लेक."

या घरात मला नणंद आहे हे तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं! उमाबाई यांच्याहून मोठ्या. जातीबाहेर लग्न केलं, एका शाळामास्तराशी. मामंजींनी घरातून नाव पुसलं. मरताना आत्याबाईंच्या हातात इष्टलिंग ठेवून शपथ घातली — उमा हा उंबरा ओलांडणार नाही.

"उंबऱ्याची शपथ घातली त्यांनी," आत्याबाई म्हणाल्या. "रस्त्याची न्हाय घातली. गुरुसिद्धानंच काढली ती वाट. मोटार तरी कशाला घेतली त्यानं? म्हाताऱ्या आईला भर उन्हात बसनं नेता येत न्हाय, आणि बसमधी चार वळखीचे भेटतात."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नवी. तुझ्या माहेरी कळलं असतं तर? तुला गाडीत बसू दिलं न्हाय ते त्याच्यामुळंच. एकदा बसली असतीस तर दर सोमवारी बसावं वाटलं असतं."

आणि मग एवढंच — "आठ म्हैने झाले गं. तिचं तोंड दिसलं न्हाय मला."

एकाच चुलीपुढं आम्ही दोघी आठ महिने बसलो. मला वाटायचं, वाट बघणारी मी एकटीच.

२१ नोव्हेंबर

सकाळी स्वतः कोंडीरामाच्या भात्यावर गेले. म्हटलं, "मिस्त्री, चुकलं माझं. लागा कामाला."

"लागलोच हाय की," म्हणाला. पाटे घासून पातळ करत होता! मी नको म्हटलेलं त्यानं मनावरच घेतलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर

सातातले दोन पाटे काढून टाकले. राहिलेले पातळ केले, मध्ये चरबी भरली. पारख कशी करायची? मीच सुचवलं — पाण्यानं भरलेला तांब्या डाव्या सीटवर ठेवा, किल्ल्याला वळसा घालून या.

परत आला तेव्हा आम्ही दोघी धावलो. तांब्यात बोटभर पाणी कमी. बस्स, बोटभर! आत्याबाईंनी त्यातलंच पाणी घेऊन गाडीच्या चाकावर घातलं.

२५ नोव्हेंबर

आता दुसरंच. दोनच जागा! कोंडीराम आणायला गेला तर डावीकडं हे, उजवीकडं कोंडीराम. मी इथंच. पुन्हा दारात उभी, धुळीकडं बघत.

मी म्हटलं, "मला शिकवा."

कोंडीराम आत्याबाईंकडं बघायला लागला. मीही. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघताय? दिवस थोडे राहिलेत."

२७ नोव्हेंबर

किल्ल्यामागच्या माळावर. तीनदा इंजिन बंद पडलं, एकदा बाभळीत घुसले. कोंडीराम म्हणतो, "अक्का, बैलासारखं तोंडानं हाकलून चालायची न्हाय ती! पायानं बोला तिच्याशी."

२९ नोव्हेंबर

वेशीतून पेठेत आणली. दुकानांतनं माणसं उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर दातांत धरला होता. कुणाकडं बघितलं नाही.

१ डिसेंबर

उद्या. कोंडीराम जाताना सोबत येणार, येताना बसनं परतणार. येताना आम्ही दोघंच.

झोप कसली येतेय!

२ डिसेंबर १९४४, शनिवार. बार्शी

उमाबाईंच्या घरी बसून लिहिते आहे.

हे उतरले तेव्हा मी ओळखलंच नाही. पाठमोरी होऊन दुसऱ्या डब्याकडं निघाले होते. मागून हाक आली.

मला गाडी चालवायला बसलेली बघून खूप हसले. मग खोकला. तो थांबेपर्यंत मी गाडी सुरू केली नाही. गावाबाहेर आलो, तेव्हा म्हणाले, "महानंदा, बरा झालो म्हणून नाही सोडलं मला. त्यांच्याकडं करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सोडलं."

"पत्रात का नाही लिहिलंत?"

"आईसमोर वाचता येईल तेवढंच लिहिलं."

थोड्या वेळानं म्हणाले, "बार्शीला माझी एक बहीण आहे. तुला सांगायचं राहिलंय."

मी म्हटलं, "ठाऊक आहे." आणि गाडी बार्शीच्या रस्त्याला वळवली.

आता झोपलेत. उमाबाई पायाशी बसून आहेत.

उद्या परंड्याला निघायचं. मी हळू चालवणार आहे. लई हळू.