डावीकडचा सातवा पाटा

रविवार, २१ जानेवारी २००७

वाकडी आहे. गाडी वाकडी आहे! उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला, चांगली इंचभर झुकलेली. फाटकासमोर येऊन उभी राहिली तेव्हा खिडकीतूनच दिसलं. छत्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली, केसाच्या जाडीचा फरक मोजण्यात. इंच मला लपत नाही.

गाडीचा मालक सनी. सनी! बारशाच्या दिवशी त्यांच्या गावात, चामटोलीत, नावं संपली होती बहुतेक. सुनेत्राला याच्याशी लग्न करायचं आहे. माझी मुलगी एम.एस्सी., शाळेत शिकवते. हा बारावी. बापाने अर्धी जमीन बिल्डरला विकली आणि पोराने जीप घेतली. तीही धड नाही – चाकांवर जास्त कमानीचे स्प्रिंगचे पाटे, मोठाले टायर, एवढी उंच करून ठेवलेली की चढायला शिडी लागावी. कशासाठी? तर दिसायला! उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

जातीचा प्रश्न नाही. तो आमच्या घरात छप्पन्न सालीच मिटला. त्यांच्याकडूनही होकार आहे म्हणे. माझा प्रश्न लायकीचा आहे.

चहा झाल्यावर म्हणाला, "काका, चला ना, एक चक्कर मारू." म्हटलं, आधी गाडी सरळ उभी कर, मग बसतो. हसला. "काका, ती तशीच बरी आहे."

तशीच बरी! या दोन शब्दांवर अख्खा देश चाललाय.

सोमवार, २२ जानेवारी

वेणूला विचारलं. तिला गाडी वाकडी दिसलीच नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात हिला भिंतीवरचं कॅलेंडर कधी वाकडं दिसलं नाही, जीप काय दिसणार. उलट मलाच म्हणाली, "लग्नाचं बोला. पाट्यांचं काय घेऊन बसलात?"

अगं, लग्नाचंच बोलतोय!

बुधवार, २४ जानेवारी

जेवताना सुनेत्राने विषय काढला. "बाबा, त्याच्या बाबांची तब्येत बरी नसते. तुम्ही एकदा घरी जाऊन या ना." म्हटलं, बरी नसणारच. जमीन विकली की कष्ट संपतात आणि बीपी सुरू होतं. चिखलोलीपासून पुढे घरोघरी तेच. सोफ्यावर बसायचं आणि गोळ्या खायच्या.

मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी लग्न करणार नाही." आवाज घट्ट होता, पण डोळ्यांत पाणी. एवढी शिकली आणि रडते कोणासाठी, तर त्या जीपवाल्यासाठी.

ठरलं. ४ फेब्रुवारी, रविवार, चामटोली. जाईन, घर बघेन, चहा पिईन आणि नाही म्हणून येईन. वाक्यही ठरवून ठेवलंय – ज्याला चार चाकं सरळ उभी करता येत नाहीत, त्याच्या हाती मी मुलगी देत नाही.

शनिवार, २७ जानेवारी

हे पाटे बसवले कोणी, ते शोधून काढलं. उल्हासनगर कॅम्प तीनमधला मुकेश. शेअर रिक्षात मांडीवर कोणाच्या तरी जीन्सचं गाठोडं घेऊन गेलो. मुकेशच्या दुकानात पाट्यांचे ढीग, मापाला एक गंजलेली टेप, भिंतीवर झुलेलालचा फोटो, आणि फोटोसुद्धा तिरका! माणूस तोंडात गुटखा ठेवून बोलतो. म्हटलं, अरे, चामटोलीच्या जीपचं काम तू केलंस? एका बाजूला इंचभर झुकते ती. लाज नाही वाटत?

म्हणाला, "काका, पार्टीने जसा बोलला तसाच बनवला ना. गाडी भरून बघा पहले, फिर बोलो."

भरून! गाडी म्हणजे काय पाण्याचं पिंप आहे? रिकामी असताना सरळ उभी राहत नाही ती भरल्यावर राहणार! मी पुढे ऐकूनच घेतलं नाही. "चाय पियो साईं," म्हणत होता. पितो कशाला त्याचा चहा.

रविवार, २८ जानेवारी

सनी आला होता. सरळच सांगितलं – गाडी तीन दिवस माझ्याकडे ठेव, मी दुरुस्त करतो. त्याचं तोंड उतरलं. "तीन दिवस? काका, घरी लागते हो गाडी. काम असतंय." काम! जमीन विकून बसलेल्यांना कसलं आलंय काम. सुनेत्राने त्याच्याकडे पाहिलं, त्याने सुनेत्राकडे. मग किल्ली टेबलावर ठेवली.

जाता जाता फाटकातून वळला. "काका, डावीकडचा पाटा काढू नका हां. आमचे बाबा –"

म्हटलं, तुझ्या बाबांनी गाड्या दुरुस्त केल्यात का कधी?

फाटक लावून घेतलं. गेला चालत स्टेशनकडे.

सोमवार, २९ जानेवारी

आधी अंगण तपासलं. उगाच कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याची जमीनच उतरती. पाण्याची नळी लावून चारही चाकांखालची पातळी पाहिली. तंतोतंत. टायरमधली हवा सारखी. मग ॲक्सलपासून चासीपर्यंत चारही कोपरे मोजले. पुढे दोन्हीकडे सारखं. मागे डावीकडे उजवीपेक्षा इंचभर जास्त!

म्हणजे उजवी बाजू बसलेली नाहीच. डावी उचललेली आहे. खाली शिरून पाटे मोजले. उजवीकडे सहा, डावीकडे सात. सात! त्या मुकेशला सहापर्यंत आकडे मोजता येत नाहीत. आणि आमच्या जावईबापूंना – चुकून लिहिलं, जावई नव्हेच – वर्षभर गाडी चालवून कळलं नाही की एका बाजूला एक पाटा जास्त आहे. डोळे असतात कशाला माणसाला?

फार बरं वाटलं आज. रिटायर झाल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

मंगळवार, ३० जानेवारी

काम फत्ते. मदतीला टूलरूममधला जुना रघु होता, म्हणजे पाने हातात द्यायला आणि मी नको म्हणत असताना सल्ले द्यायला. जॅक, खाली लाकडी ठोकळे, यू-बोल्ट सोडले, सातवा पाटा काढला, बाकीचे सहा साफ करून ग्रीस लावून परत बांधले. पाट्याचं टोक चासीला धरणारे शॅकलचे बोल्ट मात्र चाकं जमिनीला टेकल्यावरच आवळले. हवेत आवळले की आतले रबरी बुश पिळतात आणि गाडी पुन्हा वाकडी उभी राहते. हे कॅम्प तीनमध्ये कोणाला माहीत असायचं कारण नाही.

पुन्हा मोजलं. डावी, उजवी – सारखी. रघु म्हणाला, "वा." त्याला काय कळलं कोणास ठाऊक. काढलेला पाटा तोच घेऊन गेला, गावच्या लोहाराकडून दोन कोयते करून घेणार आहे. पाट्याच्या पोलादाला धार चांगली टिकते. चला, कोणाच्या तरी उपयोगी पडला.

बुधवार, ३१ जानेवारी

सनी गाडी न्यायला आला. मी मुद्दाम बाहेर जाऊन उभा राहिलो. गाडीभोवती एक चक्कर मारली त्याने, वाकून मागे पाहिलं, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग उठून म्हणाला, "सरळ झाली, काका. थँक यू."

बस! एवढंच! दोन दिवस मी जमिनीवर पाठ घासली आणि हा थँक यू म्हणतो. वर पाटा कुठे आहे म्हणून विचारलं. म्हटलं, कोयते झाले असतील त्याचे एव्हाना. किल्ली घेतली त्याने. चेहऱ्यावर आनंद नाही, कौतुक नाही. दगड.

शनिवार, ३ फेब्रुवारी

सनीचा फोन. उद्या न्यायला येता येणार नाही, गाडी घरी लागते, रिक्षाने या म्हणे. सरळ करून दिली मी, आणि बसायला मलाच नाही! उद्याचं वाक्य पाठ आहे.

रविवार, ४ फेब्रुवारी

चामटोलीहून आत्ताच आलो. ऊन आहे अजून. वेणू चहा विचारते आहे, नको म्हटलं.

आम्ही पोचलो तेव्हा जीप डावी बाजू घराच्या ओट्याला लावून उभी होती. डावीकडची सीट काढून ओट्यावर ठेवलेली. आणि जीपचा आतला तळ ओट्याशी एका पातळीत. बरोबर एका पातळीत! ओटा चांगला कमरेइतका उंच आहे. पुराच्या भीतीने बांधलेला असणार. गाडी एवढी उंच का केली ते मी तिथे उभा राहून पाहिलं.

ओट्यावर लोखंडी खुर्चीत सनीचे वडील बाळाजी. सव्वाशे किलोचा देह. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं. खुर्चीला खाली चार छोटी चाकं, छातीशी पट्टा. मला बघून डाव्या हाताने नमस्कार केला. म्हणाले, "शेत... दाखवतो." रोज संध्याकाळी सनी त्यांना उरलेल्या शेतावर नेतो. आज माझ्यासाठी लवकर निघाले होते.

सनीने खुर्ची ढकलली. पुढची चाकं जीपमध्ये गेली आणि वजन येताच गाडी डावीकडे बसली. इंचभर. मागची चाकं ओट्याच्या कडेला अडकली, खुर्ची पुढे कलंडली, आणि बाळाजी पट्ट्यात लोंबकळले. सनीने खांदा आधीच लावून ठेवला होता. म्हणजे त्याला माहीत होतं. शर्ट बाजूला झाला तेव्हा खांद्यावर काळानिळा वण दिसला.

त्याची आई, चांगुणाबाई, भाबडेपणाने मलाच सांगू लागली, "चार दिस झालं, गाडी अशी खाली बसतेय. आधी नव्हती हो बसत. पोराचा खांदा पार सुजला."

"आये, गप," सनी म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी दुसऱ्या बाजूने हात लावला. त्यापलीकडे काय करणार होतो? शेत पाहिलं. वालाचं पीक चांगलं आहे. चहा प्यायलो. पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघालं नाही. लाज वाटली.

परतताना रिक्षात सुनेत्राला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगतच होते बाबा. तुम्ही बीपी म्हणालात."

हो, म्हणालो होतो. पण खरं लिहायचं तर भीतीही वाटते. ती खुर्ची, तो पट्टा, ते रोजचं उचलणं – उद्या यातलं अर्धं माझ्या मुलीच्या अंगावर पडणार. ते मी बघू शकेन का, माहीत नाही. हो की नाही, कोणाला काहीच बोललो नाही अजून. सनीने रिक्षापर्यंत सोडताना नमस्कार केला, तेव्हाही नाही.

सोमवार, ५ फेब्रुवारी

सकाळी मुकेशला फोन केला. म्हटलं, चामटोलीच्या जीपला मागे डावीकडे एक पाटा वाढवायचा आहे, आजच बनव, बसवायला मी येतो. पैसे माझ्याकडून.

"वजन बोलो काका," तो म्हणाला. "कौन बैठता है उधर?"

म्हटलं, "सव्वाशे किलो. आमचे व्याही बसतात."