पोशिंद्याच्या घरचं जेवण

७ डिसेंबर, रविवार

कालनेत्र मेला! बारा मिनिटांत!! रविवारच्या आमच्या गोष्टीच्या खेळासाठी आठ दिवस खपून रचलेला खलनायक. शिंगं, काळा झगा, कवट्यांचं सिंहासन, सगळं होतं. मी त्याचं विकट हास्य हसून संपवतोय तोवर अजिंक्यने कुऱ्हाड घातली, वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले, खेळ खलास. रेश्मा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "पुढचा कोण?" दानीने तर फासा हातातही घेतला नाही. "शिंगं दिसली की कळतंच की, अण्णा. त्यात काय खेळायचं?"

वर अजिंक्य जाताना म्हणाला, जानेवारीपासून रविवारी बॅडमिंटन लावावं म्हणतो.

हे नको व्हायला. ऑफिसातला अजिंक्य, वरच्या मजल्यावरची रेश्मा, माझी बहीण दानी आणि गोष्ट चालवणारा मी – चार डोकी, त्यातलं एक गेलं की बैठक मोडलीच. दानी सासर कायमचं सोडून आल्याला दीड वर्ष झालं. जुळे सोलापूरच्या या फ्लॅटमधून ती खाली उतरत नाही. फक्त रविवारी दुपारी, तारा नावाची वाटाडी होऊन, तीन तास बोलते, भांडते, हसते. त्या तीन तासांसाठी मी या खेळाचा जन्मभर ऋणी आहे. तेव्हा एक चांगला खलनायक पाहिजे. काहीही करून.

९ डिसेंबर

निपाणीच्या एका शाळेतून फोन. दानीने दिवाळीत गणिताच्या जागेसाठी अर्ज केला होता, नंबर माझा दिलेला. संक्रांतीनंतर हजर व्हा म्हणाले, राहायची सोय आहे. मी सांगितलं, तिची तब्येत बरी नसते, एवढ्यात नको. अगदीच खोटं नाही ते. अजून एकटी रिक्षात बसत नाही पोरगी! परक्या गावात कोण बघणार तिला? तिला काही बोललो नाही, उगाच जिवाला घोर. फोन माझ्याकडेच आला हे नशीब.

१० डिसेंबर

नागराणी – फुसकी. कपटी वजीर – शिळा. सात डोक्यांचा राक्षस – सातही डोक्यांत भुसा.

१३ डिसेंबर

अव्वा, म्हणजे आमची आई, शेंगाची चटणी कुटत होती. सहज विचारलं, अव्वा, वाईट माणूस कसा असतो? मुसळ थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाईट मानूस सांगून येतंय व्हय रे, शरणू? आमच्या गल्लीत एक म्हातारी हुती. सगळ्यांचं लई करायची. बाळंतपणं, आजारपणं. पन तिची सून बारा वर्षं उंबऱ्याच्या बाहेर पडली न्हाय. आनि ती सून कुनाला सांगनार? ऐकलं कुनी असतं का?"

वहीत लिहून घेतलं. अव्वा, तुझे पाय धरले पाहिजेत!

१९ डिसेंबर

येळवस, म्हणजे रानात जेवायची वेळ अमावास्या. अक्कलकोटजवळ बसलिंगप्पा मामाच्या रानात. दानी आली! गाडीत माझा हात घट्ट धरून, पण आली. कडब्याच्या खोपीत पूजा, मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. मामा बांधावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होता – "ओ पावनं, बसा की! आज आमच्या रानातनं उपाशी जायचं न्हाय!"

तेवढ्यात शेजारचा मडिवाळप्पा आला. सहा वर्षं बांधावरून कोर्टात आहेत दोघं. त्याच्या हातात मोजायचा टेप! मामाने त्यालाही हाक मारली. येळवशीला नाही म्हणता येत नाही. बसला. तीन उंडे, दोन लोटे आंबील. मग टेप खिशात घालून, मान खाली घालून निघाला. मामा मागून ओरडला, "का वो, मोजनार हुता न्हवं?" तर म्हणतो, "खाल्ल्यावर कसं मोजू वो!"

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. इथे बांधसुद्धा मोजवेना.

परत येताना गाडीतच सुचला. सापडला! मामा, मडिवाळप्पा, दोघांचेही आभार.

२१ डिसेंबर, रविवार

नाव – पोशिंदा.

चहूकडे जळतं वाळवंट. मधे एक तटबंदीचं गाव, हिरवंगार. दारात एक म्हातारा, हातात तांब्या. ना शिंगं, ना तलवार. आत कुणी उपाशी नाही. फक्त चाळीस वर्षांत आतून बाहेर कुणी गेलेलं नाही.

अजिंक्य कुऱ्हाड परजूनच आला. पोशिंदा म्हणाला, "आधी जेवा." आणि तिघंही बसली!! एकानेही अन्नात विष आहे का तपासलं नाही. सोलापूरकरांना ताट वाढलं की संपलंच. जेवण झाल्यावर अजिंक्य कुऱ्हाडीकडे बघून म्हणतो, "आता ह्याला कसं मारू रे? खाल्लंय त्याचं!" रेश्माने मोबाईल पालथा ठेवला. आणि दानी हळूच – "आतल्या माणसांना जायचंय का, हे कुणी विचारलंय का त्यांना?"

काय बोलली माझी पोर!

२८ डिसेंबर, रविवार

साडेचार तास! बॅडमिंटन रद्द. देव पावला.

३ जानेवारी

दानी आज एकटी रिक्षाने सात रस्ता चौकापर्यंत जाऊन आली! झेरॉक्स काढायच्या होत्या म्हणाली. कसल्या ते विचारलंही नाही, नुसता बघत राहिलो. अव्वाने मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. हे सगळं त्या खेळाने केलं. कुणाकुणाचे आभार मानू?

उद्याची तयारी करायला बसलो आणि लक्षात आलं, पोशिंद्याचं बोलणं मला लिहून काढावंच लागत नाही. तोंड उघडलं की येतं. कालनेत्राची चार वाक्यं लिहिताना घाम फुटला होता. एवढंच ठरवलंय – त्याला आपण वाईट आहोत असं एक क्षणही वाटता कामा नये.

११ जानेवारी, रविवार

आज लिहायचं मन नाही. तरी लिहितो.

चौथा रविवार. अजिंक्यला काही सुचेना, रेश्मा तट चढून जायचं म्हणत होती. दानी म्हणाली, "थांबा. तारा जेवते. जेवून स्वतःचं ताट घासते, पालथं घालते, पोशिंद्याच्या पाया पडते." मग माझ्याकडे बघून, ताराच्या आवाजात – "तुम्ही केलंत ते कुणी केलं नसतं. फेडता येणार नाही मला, विसरणारही नाही. आता दार उघडा."

बोलायची पाळी माझी. पोशिंद्याच्या मऊ आवाजात मी म्हणालो, "पोरी, तुझी तब्येत बरी नसते. एवढ्यात नको."

आणि लगेच ओळखलं. हे मी पोशिंद्यासाठी रचलं नव्हतं. हे मी निपाणीच्या फोनवर बोललो होतो. शब्दन् शब्द.

रेश्मा म्हणाली, "काय आवाज काढतोस रे, घाबरले मी!" दानीच्या हातात फासा नव्हता, नजर माझ्यावर. "मग, अण्णा? उघडतोय का तो?"

उघडतो, म्हणालो. फासा न टाकता. अजिंक्य ओरडला, "असं कसं, लढाई कुठाय?" मी चहा ठेवायला आत गेलो आणि पातेल्यात पाणी न घालताच गॅस पेटवला.

दीड वर्ष मला वाटत होतं, मी तिला सांभाळतोय. लाज वाटते.

१२ जानेवारी

ऑफिसच्या जिन्यात उभा राहून शाळेला फोन केला. म्हणालो, मी चुकीचं सांगितलं होतं, माझी बहीण ठणठणीत आहे. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "ती जागा भरली हो. महिना झाला."

अव्वाला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. "मला काय सांगतोस? तिला सांग की."

१३ जानेवारी, भोगी

सांगितलं. दानी तीळ लावून भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. "शाळेचा मला मेल पण आला होता, अण्णा. तू काय सांगितलंस ते दुसऱ्याच दिवशी कळलं. ती जागा मीच भरलीय, तुला सांगू नका म्हटलं होतं त्यांना. सोमवारी हजर व्हायचंय."

म्हणजे चारही रविवार तिला माहीत होतं!

मग बोलली का नाहीस, विचारलं. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "तू आपणहून सांगतोस का, बघत होते. नसतं सांगितलंस तर चिठ्ठी ठेवून गेले असते. आता स्टँडवर सोडायला ये."