सायकलीची जोड

मुक्काम अलोरे, माघ वद्य पंचमी

राजमान्य राजश्री धाकू मेव्हणे, मुक्काम मुंबई, यांस अलोऱ्याहून रावजीचा हात जोडून रामराम. इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत. म्हणजे तुझी बहीण हौसा माझ्याशी बोलत नाही, म्हैस दूध चोरायला लागली आहे आणि मला गावातून मान वर करून चालता येत नाही. बाकी देवाच्या दयेने ठीक. तुझा खोकला कसा आहे? गिरणीतली रुई छातीत बसते, तर रोज गुळाचा खडा खात जा. खोलीतल्या आपल्या गाववाल्यांना एकेकाचं नाव घेऊन रामराम सांग. एकालाही वगळलंस तर तो शिमग्याला आल्यावर माझी ओटी चढणार नाही. (वर आदराने मेव्हणे लिहिलं ती पत्राची रीत झाली. खाली अरे-तुरेच करणार आहे.)

तर तुझी भाची विमला हिची सोयरीक मोडली. का मोडली म्हणून तुझ्या कानावर नाही नाही ते येईल, म्हणून मीच सांगतो. सायकलीपायी मोडली. खेडच्या गंगारामाच्या मुलाशी, हरिश्चंद्राशी, सुपारी फुटली होती हे तुला ठाऊकच आहे. मुलगा कचेरीत उमेदवार आहे, म्हणजे पगार नसलेला कारकून. (पगार नसला तरी कोट आहे, आणि कोटाच्या खिशात टाक आहे. टाकात शाई आहे की नाही ते मी विचारलं नाही.) घरापासून कचेरी इतकी जवळ की एक कोंबडा दोन्हीकडे पुरतो. पण जावईबुवांना पायी जायची लाज वाटते, म्हणून गंगारामाने सायकल मागितली. केव्हा मागितली? सुपारी फोडून झाल्यावर. त्याआधी तो इतका गोड बोलत होता की मला वाटलं आमची मुलगी घेऊन वर तोच काहीतरी देईल. पंच समोर बसलेले, सुपारीचे तुकडे त्यांच्या तोंडात; अशा वेळी मुलीचा बाप हो म्हणतो, तसं मीही म्हटलं.

आता सायकल मी जन्मात कधी घेतलेली नाही. मी घेतले ते बैल. त्यामुळे चिपळुणात एका सर्कशीचं सामान स्वस्तात निघालं आहे आणि त्यात एक सायकल आहे असं कळताच मी केरू हेड्याला बरोबर घेतलं. केरू गुरांचा व्यापारी, चार बाजार फिरलेला. ही सर्कस मोठ्या दिमाखात गोवळकोटच्या धक्क्यावर उतरली आणि चिपळुणातच बसली. सिंह म्हातारा, तंबूला भोकं, आणि गाव त्या भोकांतून फुकट खेळ बघणारं. मालक मिरजेकडचा होता. घोडे विकून झाले, तंबू विकायला काढला, आणि कोपऱ्यात ही सायकल उभी होती. उभी म्हणजे भिंतीला टेकून.

केरूने तिच्याभोवती आधी उजवीकडून आणि मग डावीकडून फेरी घातली. बैठकीवर थाप मारून कान लावला. बैठकीचं चामडं निबर झालं होतं आणि शिवण उसवून आतला काथ्या दिसत होता. केरू म्हणाला, वशिंड जरा बसलंय, पण जू धरील. टायर एका अंगाने गुळगुळीत आणि ट्यूबला ठिगळं. त्यावर त्याचं म्हणणं, जनावर चाललेलं आहे, दावणीला बांधून ठेवलेलं नाही. चाकाच्या तारा त्याने बरगड्या चाचपाव्यात तशा एकेक चाचपल्या. काही नव्हत्याच, पण ज्या होत्या त्या चांगल्या वाजल्या. चाक फिरवलं तर आसातले छर्रे करकरले. उंडीचं तेल पाजलं की कण्हायचं थांबेल, असं त्याने सांगितलं. एका बाजूचं पायडल मूळचं, दुसऱ्या बाजूला कोणीतरी फणसाच्या लाकडाचा ठोकळा बसवलेला. मी विचारलं, हँडल कुठे आहे? (तेवढं मलाही कळतं.) केरू म्हणाला, हे मुंडं आहे. बिनशिंगाचं जनावर गरीब असतं, मारत नाही. ब्रेक? वेसण अजून घातलेली नाही, खेडचे घालून घेतील. साखळी? नाही तेच बरं, तुटायची धास्ती नको. राहता राहिलं दुसरं चाक. त्यावर केरू माझ्यावरच उखडला. "बैल घेताना काय दर खेपंला जोडीच घेताव काय तुमी? आज येक घ्या, जोड फुडल्या सालाला बगू."

यात मला तरी काही वावगं दिसेना. माझा तांबडा बैल मी एकटाच आणला होता आणि त्याला जोड मागाहून मिळाली, हे तुला माहीत आहे. शिवाय गंगारामाची मंडळी विमलाला बघायला आली तेव्हा त्यांनी तिला चालवून बघितली, बोलवून बघितली, सुईत दोरा ओवायला लावला. दात बघायचे राहिले होते, ते हसवून बघितले. तेव्हा सायकल आम्ही थोडी पारखून घेतली तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. केरूने खांद्यावरचा पंचा पसरला, मालकाने आणि त्याने पंच्याखाली एकमेकांची बोटं धरली, आणि तोंडाने एक आकडा न काढता सौदा झाला. मालकाने नुसत्या बोटांनी एवढी घासाघीस केली की केरू बाहेर आल्यावर बोटं चोळत होता. घरी आल्यावर हौसाने सायकलीला भाकरतुकडा ओवाळला, कुंकू लावलं, आणि आम्ही ती गोठ्यात तांबड्याच्या शेजारी उभी केली. तांबडा बुजला, पण केरू म्हणाला, सवयीने होईल.

पुढे ठरल्या दिवशी गंगाराम आला, हरिश्चंद्र आला आणि पाठोपाठ त्यांची जेवणारी माणसं आली. पंचही बसले. मी झेंडूची माळ घातलेली सायकल गोठ्यातून बाहेर काढली. खळ्यात असं काही गप्प झालं की वड्यांच्या कढईचा आवाज ओटीवर ऐकू आला. गंगारामाने सायकलीच्या मागे जाऊन बघितलं, खाली वाकून बघितलं, आणि म्हणाला, "ह्येचा दुसरा चाक कुठं हाय वो?" मी जोडीचा प्रकार समजावून सांगितला. केरूनेही सांगितला. पंचांतल्या दोघांना तो पटला. खरं तर तिथेच सगळं निभावलं असतं, पण हरिश्चंद्र कचेरीतला माणूस. त्याला कुठलीही गोष्ट माहीत नाही असं म्हणता येत नाही. त्याने टोपी नीट केली आणि सांगितलं की अशा सायकली साहेबलोक वापरतात, यात विशेष काही नाही, आपण असल्यावर बसलेलो आहोत. एवढं बोलल्यावर त्याला बसणं भाग होतं.

ओटीच्या कडेवरून तो चढला. दोघांनी काखेत धरलं. धरलेलं असेपर्यंत त्याने दाखवलेला रुबाब बघण्यासारखा होता. मग त्याने सोडा म्हटलं, आणि त्यांनी सोडलं. सायकल पुढे गेली आणि हरिश्चंद्र मागे राहिला. मग सायकल काय मनात येऊन मागे आली आणि त्याला घेऊन शेणाच्या खड्ड्यापर्यंत गेली. स्वतः काठावर थांबली. (जनावर गरीब आहे हे केरूचं म्हणणं त्यात खरं ठरलं.) कोट गेला, टाक गेला. जावईबुवांना बाहेर काढून विहिरीवर नेलं, तोवर गंगाराम पंचांसमोर उभा राहून ओरडला, "आमची चेष्टा मांडलीव! मोडली सोयरीक! असला अडाणी व्याही आमाला नको!" मी हात जोडले, जोड नक्की देतो म्हणालो, पण तो ऐकेना. न जेवता गेले. कोंबडं आणि वडे गावाने खाल्ले आणि खाताना मलाच हसले.

तर असा हा प्रकार. लिहिण्यात वेडंवाकडं काही आलं असेल तर ते सायकलीच्या संगतीने आलं असं समज. बायकोचा आणि मुलांचा रामराम, म्हैस सोडून सर्वांचा.

तुझ्या बहिणीचा (सध्या नावापुरता) नवरा,
रावजी

ता. क. सायकल गोठ्यातच आहे. केरू अजून तिची जोड शोधतो आहे. परवा खबर घेऊन आला की सावर्ड्याला एकाकडे सुटं चाक आहे आणि रंगही जुळतो. मुंबईत जुन्या बाजारात एखादं दिसलं तर बघून ठेव.

दुसरा ता. क. इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. खोलीत आलेलं पत्र सगळ्यांसमोर वाचायची तुमची रीत मला ठाऊक आहे. वरचं सगळं त्यांच्यासाठी लिहिलं. ती कसली सायकल आहे हे मला पक्कं माहीत होतं. सर्कशीतला विदूषक तिच्यावर बसून विडी ओढत रिंगणात फिरताना मी डोळ्यांनी बघितला होता. केरूला मात्र सगळं खरं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणूनच पंचांना पटलं.

सुपारी फुटल्यानंतर विमला मला एवढंच म्हणाली, "बाबा, पाडा इकताना तुमी घेणाऱ्याचा गोठा बगून येता." मी खेडला गेलो. गंगारामाची थोरली सून तापाने फणफणलेली, जगबुडी नदीवरून डोक्यावर हंडा घेऊन येत होती. पायरीशी तिचा पाय लटपटला. ओटीवर पुरुष बसले होते, त्यांतला एक उठला नाही. गंगाराम म्हणाला, पाणी सांडू नको. मी तसाच परतलो. धाकू, मला फार वाईट वाटलं, आणि माझीच लाज वाटली. पण शब्द मी मोडला असता तर पंच मला वाळीत टाकते, आणि मुलगी नको म्हणाली असं झालं असतं तर तिला पुन्हा कोणी विचारलं नसतं. शब्द त्यांच्याकडून मोडून घ्यायला हवा होता. त्याला लागेल तेवढी वाईट सायकल मी बघूनच घेतली.

हौसाला यातलं काही सांगितलेलं नाही, तिच्या पोटात राहणार नाही. विमलालाही नाही. पण काल ती माझ्या ताटात दुसरा भाजलेला बांगडा वाढून आत गेली.

आता तुझं काम. गंगारामाचा पुतण्या तुमच्याच चाळीत राहतो. तो मुलीबद्दल काही बोलायच्या आत बापाची गोष्ट सगळीकडे झाली पाहिजे. वरचं पत्र मोठ्याने वाच. कोणी मागितलं तर पुन्हा वाच. रावजी अडाणी, एका चाकाची सायकल घेतली, म्हणून पोरीची सोयरीक मोडली, असं सगळ्यांच्या तोंडी होऊ दे. वाचताना तुझा आवाज जड होईल, मी तुला ओळखतो. तसं होऊ देऊ नकोस. सगळ्यांत आधी तू हस.