जादा रकाना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावीस, अविवाहित, आमच्या भागातील सार्वजनिक वाचनालयात सहायक ग्रंथपाल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. प्रकृती ठीक आहे, झोप तेवढी कमी आहे. अशा कागदात ‘कोणाच्याही दडपणाखाली नाही’ असे लिहिण्याची रीत आहे, परंतु ते जसेच्या तसे लिहिणे मला खरे वाटत नाही. दडपण आहे. मात्र ते गप्प बसण्याचे आहे, लिहिण्याचे नाही.

सत्ताविसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, असे आई विचारील. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवर झालेल्या हल्ल्याच्या खटल्यात येत्या सोमवारी न्यायालयात माझी साक्ष आहे. साक्षीला उभी राहू नकोस, असे बजावणाऱ्या तीन चिठ्ठ्या दाराखालून आल्या आहेत. आमच्या गल्लीतल्या निवृत्त परिचारिका, ज्यांना सगळे नर्सबाई म्हणतात, त्यांना गेल्या पंधरवड्यात कोणीतरी जिन्यात ढकलले आणि त्यांचे मनगट मोडले. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून त्याच मला म्हणाल्या, “लिहून टाक एकदाचं. भीतीला कुठेतरी नीट बसवलं, की ती मधेमधे लुडबुड करत नाही.”

१. घर. वडिलांमागे राहत्या घराचा अर्धा हिस्सा माझ्या आणि अर्धा माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या नावे झाला. माझा हिस्सा आईला तिच्या हयातीपर्यंत मिळावा आणि तिच्यानंतर दादाला. दादाने दंडावरची पिवळी फीत (तिच्याविषयी कलम ३ पाहावे) सोडली तरच, अशी अट मी आधी घातली होती. ती अट पाळली की नाही हे कोण तपासणार, असे वकीलबाईंनी विचारले तेव्हा मी ती खोडली. शिवाय मला थकवा आला आहे. सोमवारी काहीही झाले तरी दादाला घराबाहेर काढू नये, ही आईला विनंती. घराबाहेर त्याला जवळचे म्हणावे असे फक्त ते फीतवालेच आहेत.

२. गुणपत्रिका आणि पदके. इयत्ता पाचवीपासून शालान्त परीक्षेपर्यंतच्या माझ्या सर्व गुणपत्रिका वडिलांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावल्या. ती भिंत दादाच्या पलंगासमोर होती. सकाळी डोळे उघडले की त्याला प्रथम माझे गणिताचे गुण दिसत. मी रोज ते पाहत होते आणि एकदाही ‘बाबा, काढा त्या’ असे म्हटले नाही, कारण मला ते आवडत होते. या चौकटी उतरवून टाकाव्यात. पदके मोडीत द्यावीत. दादावर माझा जुना राग आहे, तो याच कलमात संपला असे समजावे: मी नववीत असताना त्याने माझी निबंधाची वही पाण्याच्या पिंपात बुडवली होती. त्याच्या जागी मी असते तर सगळे दप्तर बुडवले असते.

३. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी. दंडाला पिवळी फीत बांधणाऱ्यांची इथे एक संघटना आहे. तीस वर्षांपूर्वी नदीपलीकडून येऊन राहिलेल्या कुटुंबांनी परत जावे, असे तिचे म्हणणे आहे. दादा दोन वर्षांपूर्वी त्यांत गेला. त्यांनी त्याला गटप्रमुख केले. तिथे त्याला कोणी माझ्याशी ताडून पाहत नसे.

कोपऱ्यावरचे लॉन्ड्रीवाले काका नदीपलीकडचे. त्यांच्याकडे कोणी कपडे टाकू नयेत, असे फीतवाल्यांनी घरोघर सांगितले. त्यावर नर्सबाईंनी गल्लीची बैठक घेतली. पुष्कळांनी मोर्चाचे सुचवले. नर्सबाई म्हणाल्या, “मोर्चा एक दिवसाचा. उद्या काकांनी एकट्याने दुकान उघडायचं का?” तेव्हापासून दररोज दुपारी दोघांनी दुकानातल्या बाकावर जाऊन बसायचे ठरले. ओरडायचे नाही, कोणी शिवी दिली तर उत्तर द्यायचे नाही, पण पाळी संपेपर्यंत उठायचेही नाही. पहिल्या आठवड्यात इतकी माणसे आली की काकांना इस्त्री फिरवायला जागा उरेना. लोक धुतलेले, घडी घातलेले कपडे घरीच चुरगाळून आणू लागले. “वहिनी, ही चादर कालच नेलीत की!” काका म्हणत. “मग? आज परत मळली,” असे उत्तर मिळे.

आज या गोष्टीला चौदा महिने झाले. पाळीच्या वहीत आता अकरा नावे आहेत. मी एकदा नर्सबाईंजवळ कुरकुरले, की आपणच कंटाळतो, ते लोक कंटाळत नाहीत. त्या म्हणाल्या, “त्यांनाही येतो गं कंटाळा. फक्त आपल्याआधी यायला हवा.”

४. पुस्तके. माझी स्वतःची चारशे सोळा पुस्तके वाचनालयास द्यावीत. ज्यांत मी समासात पेन्सिलीने शेरे मारले आहेत ती देऊ नयेत. त्यांतले बरेच शेरे आगाऊपणाचे आहेत.

५. कबुली. हे कलम मालमत्तेबाबत नाही, पण हा कागद लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. सोमवारी माझा आवाज फुटला नाही, किंवा मीच उरले नाही, तर हे माझे म्हणणे मानावे. चारचौघांत मला बोलता येत नाही. बक्षीस समारंभात आभाराची दोन वाक्ये बोलताना मी घेरी येऊन पडले होते, हे माझ्या शाळेतले सगळे सांगतील.

काकांच्या दुकानावर हल्ला होण्यापूर्वी तीन आठवडे, एका रविवारी जेवताना दादा म्हणाला, “काय हुशारबाई, जरा तुझं अक्षर उसनं दे की.”

“कशाला?”

“मदतफेरी काढतोय. तुमच्या वाचनालयाच्या सभासदांची नावं आणि घरं, एवढीच यादी हवी.”

कित्येक वर्षांत त्याने माझ्याजवळ प्रथमच काही मागितले होते. मी पुढचे दोन दिवस जेवणाच्या सुटीत बसून यादी केली. ती गल्लीवार लावली, घरांच्या क्रमाने लावली, तांबड्या शाईने रकाने आखले. सभासदत्वाच्या अर्जात ‘मूळ गाव’ ही एक नोंद असते. ती दादाने मागितली नव्हती. परंतु माहिती हाताशी असताना ती सोडून दिली तर यादी अपुरी दिसेल, असे मला वाटले. म्हणून मी चौथा रकाना आखला आणि प्रत्येक कुटुंब मूळचे कुठले ते त्यात भरले. मदतफेरीला मूळ गाव कशाला लागते, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असेल तर मी तो मनात फार वेळ ठेवला नाही.

यादी दादाला दिल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी नर्सबाई आणि मी बाकावर होतो. आठ फीतवाले आले. दोघांच्या हातांत डांबराचे डबे होते. पुढच्याच्या हातात तांबड्या रेघांचा कागद होता आणि तो त्यावरून बोट फिरवत म्हणाला, “हेच. घर नंबर नऊ, खाली दुकान.” बाकावरूनही मला माझा ‘नऊ’ ओळखू आला. त्यांनी डांबर कपड्यांच्या फळ्यांवर फेकले. नर्सबाई उठल्या नाहीत, बसल्या जागेवरून एवढेच म्हणाल्या, “अरे, त्या गठ्ठ्यात तुझ्याच वडिलांचा कोट आहे.”

डबा धरलेला मुलगा थबकला. “कुठला? करडा?”

“करडा होता.”

त्यांच्यातल्या एकाने काकांचा उजवा हात तापलेल्या इस्त्रीवर दाबून धरला तो याच वेळी. तो कोणी धरला हे मी पोलिसांना सांगितले आहे आणि सोमवारीही सांगेन. त्याच आठवड्यात नदीपलीकडच्या अकरा घरांत ‘निघून जा’ अशी पत्रे पडली, एकही घर न चुकता. दोन कुटुंबे गेली.

ज्यांचे कपडे डांबरात खराब झाले त्या गल्लीकरांनी काय केले तेही इथे नमूद असावे. भरपाई कोणी मागितली नाही. हल्ल्यानंतरच्या सोमवारी बँकेतले कारकून डांबराच्या ठिपक्यांचे शर्ट घालून कामावर गेले, मुख्याध्यापिका तशाच शालीत प्रार्थनेला उभ्या राहिल्या. करड्या कोटाचे मालक बुधवारी तोच कोट घालून दुकानात आले, बाकावर बसले, आणि अजूनही दर बुधवारी बसतात.

यादी पोलिसांना सापडली, पण तिच्यावर सही नाही. हल्ला ठरवून केला याचा तोच एक पुरावा आहे, आणि ती कोणी लिहिली, कोणी लिहवून घेतली, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ती मी लिहिली. दादाने लिहवून घेतली. चौथा रकाना माझा. हल्ल्यापासून मी दर शनिवारी त्या बाकावर बसले, काकांनी केलेला चहा प्यायले, त्यांचा भाजलेला हात पाहिला आणि हे सांगितले नाही. माझ्या साक्षीने दादा तुरुंगात जाईल; आईचे मी काय करणार आहे ते मला ठाऊक आहे. तिने मला माफ करावे असे मी लिहीत नाही. तिच्यावर तेही ओझे नको.

६. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळू नये, असे वकीलबाई सांगतात. म्हणून नर्सबाईंना मी काहीही ठेवलेले नाही, आणि लॉन्ड्रीवाल्या काकांना या कबुलीखेरीज काहीही ठेवलेले नाही. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. काकांनी वाचावा, अशी माझी इच्छा आहे.

७. शनिवारची पाळी. वरील मजकूर वाचल्यावर मला त्या बाकावर बसण्याचा हक्क उरत नाही. ती पाळी शाळेच्या बसच्या चालकांना द्यावी. त्यांनी दोनदा विचारले होते.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या मोठ्या ग्रंथपालांनी करावी. त्यांना माझे अक्षर लागते.

हे मी विचारपूर्वक लिहिले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: लॉन्ड्रीचे दुकान, बाक
दिनांक: महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारचे साडेचार

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: (डाव्या हाताची सही) निवृत्त परिचारिका. उजवा प्लास्टरमध्ये असल्याने.

साक्षीदार २: (सही) लॉन्ड्रीवाला. दोनदा वाचून सही केली. मनाला फार लागले. आत्ता मला जास्त काही लिहिता येत नाही. कलम ७ मला मान्य नाही. दुकान सातला बंद होते, तोवर हिने बाकावरून उठू नये. सोमवारी मी कोर्टात येणार नाही, दुकान उघडे ठेवायचे आहे. तिथे हिने चौथ्या रकान्यासकट सगळे सांगावे, आणि संध्याकाळी इथे येऊन काय झाले ते मला सांगावे. तोंडाने सांगावे. लिहून आणू नये.