अनुमानाचा मजला चुकला

प्रिय ताई,

तीन महिने आमच्या न्हाणीघरात सिगारेटचा धूर येत होता. मी पडलो तर्कशास्त्राचा मास्तर. धूर खालच्या भाडेकरूचाच, असं अनुमान काढून तक्रार केली. घरमालकांनी त्याला घर सोडायला सांगितलं.

आज न्हाणीघराचं दार लोटलं, तर आत आई सिगारेट ओढत उभी. आपली आई, ताई.

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू इतका रंगात येऊन चिडत होतास. आता ताईला सांगू नकोस हं."

घरमालकांकडे जाऊन धूर आमचाच असल्याचं कबूल केलं.

"ओढतं कोण?"

"मी," म्हणालो.

खालचा भाडेकरू राहिला. हे पत्र मी पाठवणार नाही. माझी बातमी कानावर येईल, तेव्हा मनसोक्त रागव.

तुझा,
आजपासून व्यसनी भाऊ